घड्याळ मागे गेलं तर? कॅशसाठी वेळ-सेवा कशी बांधावी

रायपूरहून, आपल्या चौबे कॉलनीतून मी बोलतोय. समोर दहा-बाराजण बसले आहेत, त्यातले निम्मे माझ्यासारखे पेन्शनर आणि निम्मे त्यांची मुलं-नातवंडं. तेव्हा आजचं बोलणं दोघांनाही समजेल असं करायचा प्रयत्न आहे. प्रोग्रॅमर मंडळींनी पहिली पाच मिनिटं धीर धरावा, आणि बाकीच्यांनी शेवटची दहा.

मी सैन्यात सिग्नल्समध्ये होतो. निरोप पोचवणं हे आमचं काम, आणि निरोपावर वेळ नसेल तर तो निरोपच नव्हे, हे पहिल्या वर्षी शिकवतात. निवृत्तीनंतर सॉफ्टवेअरवाल्या मुलांमध्ये ऊठबस वाढली. तिथे एक गोष्ट सतत दिसते. ही मुलं डेटाबेसवर तासन् तास वाद घालतात, पण "आत्ता किती वाजले?" हा प्रश्न कोणालाच प्रश्न वाटत नाही. एक ओळ लिहायची, यंत्र उत्तर देतं, पुढे चला. आज त्या एका ओळीबद्दल बोलायचं आहे.

आधी कॅश म्हणजे काय ते. पैसे नव्हेत. स्वयंपाकघरात ओट्यावर मिसळणाचा डबा असतो. हळद, तिखट, मोहरी थोडी थोडी. मोठा साठा कोठीच्या खोलीत. दर फोडणीला कोठीत जावं लागू नये म्हणून हा डबा. सॉफ्टवेअरमध्ये तसंच: खरी माहिती डेटाबेसमध्ये, लांब आणि सावकाश. वारंवार लागणारी माहिती जवळ, मेमरीत ठेवायची. फरक एवढाच की हळद महिनाभर हळदच राहते, आणि माहिती शिळी होते. म्हणून कॅशमधल्या प्रत्येक नोंदीला मुदत असते. साठ सेकंद, दहा मिनिटं, एक दिवस. मुदत संपली की नोंद फेकायची आणि कोठीतून ताजी आणायची.

मुदत आली म्हणजे घड्याळ आलं. आणि इथून गडबड सुरू होते.

घड्याळ ही माणसाने ठरवलेली गोष्ट आहे, आणि माणूस ती बदलतो. आपल्या रायपूरचंच घ्या. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर धरलेली आहे. ती रेघ आपल्या छत्तीसगडमधूनच जाते, रायपूरच्या थोडी पूर्वेला. सूर्याच्या हिशेबाने रायपूर प्रमाणवेळेच्या साधारण साडेतीन मिनिटं मागे. ही प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ ला आली. त्याआधी रेल्वे मद्रास वेळेवर चालायची, जी आजच्या प्रमाणवेळेच्या सुमारे नऊ मिनिटं मागे होती. म्हणजे इथल्या स्टेशनावरचं घड्याळ आणि डोक्यावरचा सूर्य यांत पाचेक मिनिटांचं अंतर. मुंबईने तर आपली मुंबई वेळ सोडायलाच नकार दिला. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे, आणि शहराच्या कारभारात ती १९५० च्या दशकापर्यंत टिकून होती. वरून १९४२ ते १९४५ या युद्धाच्या काळात सगळ्या देशाचीच घड्याळं एक तास पुढे केली होती. ज्या दिवशी ती परत मागे आली, त्या दिवशी एक तास दोनदा आला. त्या तासाभरात "अर्ध्या तासाने फेकून द्या" अशी चिठ्ठी लावलेलं काही असतं, तर ते कधी फेकलं असतं? हाच आजचा प्रश्न.

तुम्ही म्हणाल, आता संगणक आहेत. संगणक आत जागतिक वेळ मोजतो, १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद, आणि भारताचे साडेपाच तास फक्त दाखवताना मिळवतो. बरोबर. पण तो आकडासुद्धा बदलता येतो. कोणी हाताने बदलतो, मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपते, नेटवर्कवरून वेळ जुळवणारा प्रोग्रॅम चूक दिसली की दुरुस्त करतो. हा जुना एनटीपी प्रोग्रॅम फार सभ्य आहे. फरक थोडा असेल तर तो घड्याळ हळूहळू ओढून आणतो, इतकं हळू की एका सेकंदाला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागतो. पण फरक १२८ मिलिसेकंदांपेक्षा मोठा निघाला आणि तसाच टिकला, तर तो सरळ उडी मारतो. पुढे किंवा मागे.

पुढे उडी मारली तर कॅशमधलं सगळं एकदम शिळं ठरतं आणि सगळे एकाच वेळी कोठीच्या दाराशी गर्दी करतात. डेटाबेस दमतो, थोडा वेळ सगळं अडकतं. त्रास होतो, पण तो दिसतो. मागे उडी मारली तर काहीच दिसत नाही. शिळी नोंद ताजी म्हणून बसून राहते. मला विचाराल तर दुसरा प्रकार जास्त वाईट.

याचा एक प्रसंग सांगतो. रुग्णालयाचं नाव घेणार नाही, त्याची गरजही नाही. तिथे वॉर्डातल्या पडद्यावर रक्तपेढीतला साठा दिसायचा: कोणत्या गटाच्या किती पिशव्या. दर वेळी रक्तपेढीच्या डेटाबेसला विचारायला नको म्हणून मध्ये छोटी कॅश, मुदत साठ सेकंद. व्यवस्था चांगली होती, महिनोन् महिने चालली.

एका दुपारी वीज गेली, बॅटरीचा पुरवठाही संपला, सर्व्हर बंद. दोनच्या सुमारास वीज आली, यंत्र चालू झालं. आता गंमत बघा. त्या यंत्राच्या बोर्डावरचं घड्याळ कोणीतरी भारतीय वेळेवर लावलेलं होतं, आणि लिनक्स ते जागतिक वेळ समजून वाचत होता. म्हणजे त्याने त्यात आणखी साडेपाच तास मिळवले. दुपारचे दोन, यंत्राच्या मते संध्याकाळचे साडेसात. एरवी हे कधी जाणवलं नव्हतं, कारण चालू झाल्या झाल्या नेटवर्कवरून वेळ दुरुस्त व्हायची. त्या दिवशी इंटरनेटची लाइन पंधरा मिनिटं उशिरा आली. त्या पंधरा मिनिटांत कॅश आपलं काम करत होती, साठा आणत होती आणि प्रत्येक नोंदीवर लिहीत होती: "आत्ता अधिक साठ सेकंद." मग लाइन आली, घड्याळाने साडेपाच तास मागे उडी मारली, आणि शेवटच्या फेरीत लिहिलेल्या नोंदी पाच तास एकतीस मिनिटांसाठी ताज्या ठरल्या.

पडद्यावर ओ निगेटिव्हच्या तीन पिशव्या. चार वाजेपर्यंत त्यातल्या दोन दिल्या गेल्या होत्या. पाच वाजता अपघाताची केस आली, दोन पिशव्या हव्या होत्या. वॉर्डाने पडद्यावर तीन बघितल्या आणि निर्धास्त राहिले. रक्तपेढीत माणूस पोचला तेव्हा फ्रिजमध्ये एक. नशिबाने तिथल्या ताई अनुभवी होत्या. पडद्याशी वाद न घालता त्यांनी दुसऱ्या रक्तपेढीला फोन लावला आणि पिशवी मागवली. रोगी वाचला. पण मधला पाऊण तास त्या नातेवाइकांनी कसा काढला असेल, ते सांगायला नको.

दोन दिवसांनी मला बोलावलं. सॉफ्टवेअर लिहिणारा मुलगा हुशार आणि प्रामाणिक. तो म्हणाला, "अंकल, घडी तो बिलकुल सही है, मिला के देख लीजिए." मी मिळवून बघितलं. खरंच बरोबर होतं, सेकंदासकट. घड्याळ आत्ता बरोबर आहे हे त्याला माहीत होतं. ते मधल्या पंधरा मिनिटांत कुठे होतं, ही नोंद कोणाकडेच नव्हती. आम्ही सिस्टीमचे लॉग काढले तेव्हा तारखांच्या रांगेत संध्याकाळ आधी आणि दुपार नंतर आलेली दिसली, आणि मग दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

आता बांधणीकडे येऊ.

सैन्यात हल्ल्याची योजना कशी लिहितात ते सांगतो. त्यात "पहाटे चार दहाला तोफा सुरू" असं लिहीत नाहीत. लिहितात "एच उणे वीस", "एच अधिक दहा". एच म्हणजे हल्ल्याची वेळ. ती शेवटी जाहीर होते, बदलूही शकते. पण आतले सगळे हिशेब एचपासून मोजलेले असल्याने ते हलत नाहीत. कॅशला असंच घड्याळ हवं असतं. "तीन वाजता संपेल" हे तिला नको आहे, "ठेवल्यापासून साठ सेकंदांनी" हे हवं आहे. भिंतीवरचं घड्याळ नको, स्टॉपवॉच हवं.

आणि ते स्टॉपवॉच प्रत्येक यंत्रात आधीपासून असतं. लिनक्समध्ये त्याला मोनोटॉनिक घड्याळ म्हणतात, जावामध्ये नॅनोटाइम. ते तारीख सांगत नाही, कोणी वेळ बदलली तरी हलत नाही, फक्त पुढेच जातं. त्याचा शून्य कुठे आहे याला काही अर्थ नाही, दोन वाचनांमधला फरक तेवढा खरा. म्हणून त्याचे दोन आकडे थेट "लहान की मोठा" असे ताडू नयेत. वजाबाकी करावी आणि उत्तर धन की ऋण ते बघावं. आकडा कधी टोकाला पोचून उलटला तरी वजाबाकी बरोबर येते. जावाच्या कागदपत्रांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे, वाचतं कोण ते सोडा.

मग त्या मुलाने सगळीकडे मोनोटॉनिक लावायला घेतलं. मी म्हटलं, थांब. रक्ताच्या पिशवीलाही मुदत असते. नेहमीच्या पिशवीतलं पूर्ण रक्त ३५ दिवस, प्लेटलेट्स जेमतेम पाच. ती मुदत पिशवीवर तारीख म्हणून छापलेली असते आणि ती कॅलेंडरचीच असायला हवी, यंत्र मध्ये दहा वेळा बंद पडलं तरी. म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये दोन मुदती: पिशवीची भिंतीच्या घड्याळाची, आणि पिशव्यांच्या आकड्याची स्टॉपवॉचची. दोन्ही हव्यात आणि त्यांची सरमिसळ होता कामा नये.

म्हणून वेळ-सेवा. प्रोग्रॅमच्या सगळ्या भागांनी यंत्राला थेट वेळ विचारायची नाही, एका छोट्या सेवेला विचारायची. तिला दोनच प्रश्न विचारता येतात: "कॅलेंडर काय म्हणतं?" आणि "स्टॉपवॉच काय म्हणतं?" दोन्ही उत्तरांचे प्रकार वेगळे ठेवायचे, नुसता आकडा द्यायचा नाही. म्हणजे कोणी कॅलेंडरमधून स्टॉपवॉच वजा करायला गेला तर कंपायलरच हात धरतो. इन्फिनिस्पॅन नावाच्या कॅशमध्ये हे अगदी टाइमसर्व्हिस याच नावाने आहे, कॅफीनमध्ये त्याला टिकर म्हणतात. त्या मुलाच्या प्रोग्रॅममध्ये चाळीस ठिकाणी यंत्राला थेट विचारणा होती. एक संध्याकाळ लागली सगळ्या काढायला.

याचा खरा फायदा चाचणीत होतो. सेवा मध्ये असली की चाचणीपुरतं तिथे खोटं घड्याळ बसवता येतं, जे आपण सांगू तेवढंच पुढे जातं. तीस दिवसांची मुदत तपासायला तीस दिवस बसावं लागत नाही. आणि साडेपाच तास मागे उडी हवी, तर एका ओळीत मिळते. आम्ही पहिली चाचणी तीच लिहिली.

तीस दिवसांवरून आठवलं. मेमकॅश्ड हे २००३ मध्ये ब्रॅड फिट्झपॅट्रिकने लाइव्हजर्नलसाठी लिहिलेलं सॉफ्टवेअर, जगभर चालतं. त्यात मुदत सेकंदांत द्यायची. पण आकडा तीस दिवसांच्या सेकंदांपेक्षा, म्हणजे २५,९२,००० पेक्षा मोठा असला, की ते त्याला मुदत समजत नाही, १९७० पासून मोजलेली तारीख समजतं. तुम्ही मोठ्या मनाने ३१ दिवस दिलेत, २६,७८,४००, तर त्याचा अर्थ होतो १ फेब्रुवारी १९७०. नोंद जन्मतःच मेलेली. हे कागदपत्रांत लिहिलेलं आहे, पण एकाच खिडकीतून दोन प्रकारच्या वेळा आत घ्यायच्या ही रचनाच मला पटत नाही. खिडक्या दोन ठेवा.

आता खर्चाचं बोलू. मोठी कॅश सेकंदाला लाखो वेळा "किती वाजले?" विचारते. आजच्या लिनक्सवर हे वाचन स्वस्त आहे, काही दहा नॅनोसेकंद, कारण कर्नलच्या दारापर्यंत जावंच लागत नाही. पण यंत्राचं घड्याळ हळू प्रकारचं असलं, काही आभासी यंत्रांत असतं, तर हा खर्च जाणवतो. त्यावर जुना उपाय म्हणजे वेळ स्वतःच कॅश करणे. पलटणीत क्वार्टर गार्डचा संत्री तासाला घंटा वाजवतो आणि सगळी लाइन तिच्यावर चालते, तसं. मेमकॅश्डमध्ये एक टायमर दर सेकंदाला वेळ एका जागी लिहितो आणि बाकी सगळे तिथून वाचतात. रेडिसही आपल्या आत वेळेची अशी एक प्रत ठेवतो.

यात धोका उघड आहे. संत्री झोपला तर? प्रोग्रॅम मेमरी झाडत थांबला, किंवा बॅकअपसाठी आभासी यंत्र गोठवलं, तर टिक थांबते, वेळ थिजते आणि शिळं ताजं होऊन बसतं. त्यामुळे माझं मत असं: मोजून बघितल्याशिवाय ही युक्ती वापरू नये. रक्तपेढीच्या पडद्याला सेकंदाला वीस वाचनं होती. तिथे घंटा कशाला, प्रत्येकाने आपलं मनगट बघावं. वापरायचीच असेल तर टिक मुदतीच्या मानाने बारीक ठेवा. साठ सेकंदांच्या मुदतीला एक सेकंदाची टिक चालते, दोन सेकंदांच्या मुदतीला चालत नाही.

एक बारकावा राहिला. लिनक्सचं मोनोटॉनिक घड्याळ यंत्र झोपलेलं असताना थांबतं. वॉर्डातल्या लॅपटॉपचं झाकण रात्री बंद केलं आणि सकाळी उघडलं, तर त्याच्या मते मध्ये काहीच झालं नाही आणि रात्रीचा साठा अजून ताजा. तिथे झोपेचा वेळही धरणारं बूटटाइम घड्याळ घ्यावं. आम्हीही तेच घेतलं.

स्टॉपवॉचची मर्यादाही सांगायला हवी. त्याचा आकडा त्या यंत्रापुरता आणि त्या चालू असण्यापुरता. दुसऱ्या यंत्राला पाठवला तर तो निरर्थक, डिस्कवर लिहून यंत्र बंद-चालू केलं तरी निरर्थक. म्हणून रेडिस मुदत पक्क्या तारखेने ठेवतो, मिलिसेकंदांपर्यंत. त्यामुळे तो बंद असतानाही काळ पुढे जातो, ते योग्यच आहे. पण घड्याळं न जुळलेल्या दोन यंत्रांमध्ये त्याची फाइल नेलीत तर सगळ्या नोंदी उघडता क्षणी मेलेल्या निघू शकतात, असा इशारा त्यांनीच दिलेला आहे. वेबने यावर वेगळी वाट काढली. आधी पानासोबत "अमुक वाजता शिळं" अशी तारीख जायची. मग "अजून इतके सेकंद ताजं" असं पाठवायला सुरुवात झाली, आणि वाटेतल्या प्रत्येक कॅशने "माझ्यापर्यंत येईतो याचं वय इतकं झालं" असं लिहायचं. मला ही पद्धत आवडते. दुसऱ्या यंत्राला उरलेलं आयुष्य सांगा, त्याने ते आपल्या स्टॉपवॉचवर लावावं.

मोठ्या कंपन्यांना हे कळतं का? कळतं, पण किंमत देऊन. १ जानेवारी २०१७ ला पहाटे साडेपाचच्या ठोक्याला, आपल्या वेळेने, जगाच्या घड्याळात एक जादा सेकंद घातला गेला. क्लाउडफ्लेअरच्या प्रोग्रॅममध्ये दोन वेळांची वजाबाकी त्या क्षणी ऋण आली, आणि पुढच्या फंक्शनला ऋण आकडा चालत नव्हता. त्यांच्या सेवेचा एक भाग कोसळला. तो प्रोग्रॅम गो भाषेत होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गोच्या १.९ आवृत्तीत प्रत्येक वेळेसोबत मोनोटॉनिक वाचन आपोआप ठेवायची सोय आली.

आणि भिंतीचं घड्याळ नीट ठेवायचं काम यातून सुटत नाही, कारण लॉग त्यावरच असतात. सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ ला आदेश काढला की यंत्रांची वेळ एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळलेली असावी. दिल्लीच्या त्या प्रयोगशाळेकडे देशाची वेळ राखण्याचं काम आहे. रुग्णालयात आम्ही बोर्डावरचं घड्याळ जागतिक वेळेवर आणलं, आणि वेळ जुळल्याशिवाय साठ्याचा प्रोग्रॅम सुरूच होऊ नये असं लावलं. शिवाय वेळ-सेवेला एक जादा काम दिलं: दोन्ही घड्याळांमधलं अंतर दर मिनिटाला बघायचं, आणि ते एकदम बदललं तर लॉगमध्ये ठळक लिहायचं. कॅलेंडर हललं आणि स्टॉपवॉच हललं नाही, म्हणजे कोणीतरी घड्याळाला हात लावला.

पडद्यावरही एक बदल केला, तो ताईंनी सुचवला. आकड्याखाली बारीक अक्षरांत "इतक्या सेकंदांपूर्वीचा" असं येतं. नव्वदच्या वर गेलं की आकडा जातो आणि तिथे लिहून येतं: रक्तपेढीला फोन करा, आणि खाली विस्तार क्रमांक.

मागून हात वर झाला आहे. विचारा. हो, मुदती सगळ्या एकाच क्षणी संपू नयेत म्हणून काय करायचं, हा चांगला प्रश्न आहे. साठ सेकंदांच्या ऐवजी पंचावन्न ते साठमध्ये यंत्राला कोणताही आकडा उचलू द्या. मुदत कमी करायची, वाढवायची नाही. अजून कोणी? नाही? मग आत पोहे झाले आहेत, ते गरम आहेत तोवर घेऊ.